रात्री ११८, सकाळी १५६: मधल्या वेळात साखर आली कुठून?

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ९:१२

नमस्कार. टाइप २ मधुमेह कळून मला दोन वर्षं झाली. वय ४९. मेटफॉर्मिन दोन वेळा घेते, इन्सुलिन नाही. आतापर्यंत महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत जाऊन तपासणी करत होते. या महिन्यात घरी ग्लुकोमीटर आणला आणि वहीत तीन रकाने आखून नोंदी सुरू केल्या: वेळ, आकडा, काय खाल्लं.

गेल्या १२ रात्रींपैकी ९ रात्री एकच प्रकार झाला. झोपताना ११०-१२०, सकाळी उठल्यावर १४५-१६०. काल रात्री साडेदहाला ११८ होती. त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आज सकाळी सातला १५६.

खरं सांगायचं तर मला आकड्यापेक्षा दुसरंच जास्त लागलंय. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, माझी काळजी करतो. आज त्याने वही पाहिली आणि हळूच विचारलं, "आई, रात्री उठून काही खाल्लंस का?" मी नाही म्हणाले. त्यावर तो काही बोलला नाही, पण १५६ च्या पुढे तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून जात नाहीये. न खाता साखर वाढते हे मी त्याला कसं पटवू? आणि मुळात ती वाढते कशी, हेच मला कळत नाहीये.

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही एकट्या नाही. माझ्या वडिलांवर आम्ही घरच्यांनी हाच संशय दोन वर्षं घेतला. कपाटाला कुलूप लावण्यापर्यंत गेलो होतो. आज आठवलं तरी लाज वाटते. त्यांच्याबद्दल सविस्तर नंतर लिहितो, जाणकारांना आधी बोलू दे.

---

जुनी_परीक्षानळी | मंगळवार, सकाळी ११:०५

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, चौतीस वर्षं रक्त-लघवीच्या तपासण्या केल्या. मुलाला पटवायचंय ना, मग हिशेबच मांडू या.

माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे ५० डेसिलिटर. साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरली तर सगळ्या रक्तात मिळून झाली ५ ग्रॅम. एक चमचाभर! एवढ्याशा साखरेवर शरीराची सारखी नजर असते, कारण एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. आपण झोपेत जेवत नाही, मग तेव्हा ते येतं कुठून? यकृतातून. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात अंदाजे १०० ग्रॅम साठा असतो. शिवाय ते प्रथिनांच्या आणि चरबीच्या तुकड्यांपासून नवं ग्लुकोजही बनवतं. रात्रीच्या उपासात यकृत दर किलो वजनामागे मिनिटाला जवळजवळ २ मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं. ६० किलोच्या माणसात ते तासाला ७ ग्रॅमच्या आसपास जातं, आठ तासांच्या झोपेत ५५ ग्रॅमच्या पुढे.

आता तुमची रात्र पाहा. ११८ वरून १५६, म्हणजे फरक ३८ चा. ३८ गुणिले ५० म्हणजे १९०० मिलिग्रॅम. रक्तापुरतं बोलायचं तर २ ग्रॅमसुद्धा नाही. यकृताने रात्रभरात पन्नासहून जास्त ग्रॅम ओतले, शरीराने ते वापरले, आणि त्यातले अर्धा चमचाभरही नाहीत एवढे वर उरले. ही वाढ दिसायला चोरून खायची काही गरज नाही.

मुलाला हा हिशेब कागदावर करून दाखवा. रागावू नका त्याच्यावर. प्रश्नचिन्ह काढणारा मुलगा उत्तर ऐकायलाही तयार असतो.

---

निळी_शाई | मंगळवार, दुपारी १२:२०

काका, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. अर्धा चमचा! हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण मग हे यकृत सगळ्यांनाच असतं. ज्यांना मधुमेह नाही त्यांची का वाढत नाही?

---

रानजाई | मंगळवार, दुपारी २:४८

मी परिचारिका आहे, मधुमेहाच्या रुग्णांना शिकवण्याचं काम बारा वर्षं करते आहे. डोस बदलण्याचा सल्ला इथे देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा अधिकार. समजावून मात्र नक्की सांगते.

पहाटे तीन-चारपासून आठपर्यंत शरीर जागं व्हायची तयारी करतं. कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक या काळात चढलेलं असतं. ही संप्रेरकं यकृताला सांगतात की ग्लुकोज सोड, आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकण्यापासून थोडं अडवतात. हे प्रत्येक माणसात घडतं. ज्यांना मधुमेह नाही त्यांचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं इन्सुलिन जास्त सोडून यकृताला आवर घालतं, म्हणून आकडा हलत नाही. टाइप २ मध्ये ते जास्तीचं इन्सुलिन पुरत नाही आणि यकृतही त्याला दाद देत नाही. याला 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात, आम्ही रुग्णांशी बोलताना पहाटेची वाढ म्हणतो.

तरी ताई, सकाळचा आकडा एकटा पाहून हेच कारण आहे असं ठरवू नका. मधल्या वेळचा आकडा नसेल तर हा अंदाजच राहतो. दोन-तीन रात्री गजर लावून पहाटे तीनला तपासा. तीनपर्यंत साखर जवळजवळ तिथेच असेल आणि नंतर चढत असेल तर ती पहाटेची वाढ. तीनलाच चढलेली असेल तर रात्रीचं जेवण किंवा औषधाचा अंमल किती वेळ टिकतो ते पाहावं लागेल. खूप तुपातेलाचं जेवण असेल तर पोट सावकाश रिकामं होतं. मग दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चार-पाच तासांनी चढतो, आपण झोपेत असतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही. आणि तीनला ७० च्या खाली निघाली तर आधी साखर खा आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.

जुन्या पुस्तकांत असं लिहिलेलं असायचं की रात्री साखर घसरते आणि तिची प्रतिक्रिया म्हणून सकाळी उसळते. मायकेल सोमोगी यांनी १९३० च्या दशकात हे मांडलं, म्हणून त्यांच्या नावानेच ते ओळखलं जातं. आता सतत मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदी हाताशी आहेत आणि त्यांत बहुधा उलट दिसतं. रात्री घसरलेली असली तर सकाळचीही कमीच असते. तरी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाची (स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेणारी) गोळी घेणाऱ्यांनी रात्रीच्या घसरणीची शंका आली तर तपासून पाहावंच.

---

तिसरा_प्रहर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

टाइप १, अकराव्या वर्षापासून. आता तिशीत आहे. रानजाईताईंना पूर्ण अनुमोदन. मी मोजमापाबद्दल लिहितो, कारण आकड्यांवरून घाबरण्यात माझी बरीच वर्षं गेली.

आधी हात धुवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. मागच्या महिन्यात मी फळ सोलत बसलो होतो, तेवढ्यात आठवलं म्हणून तसंच बोट टोचलं. २४८! पोटात धस्स झालं, इन्सुलिनचं पेन हातात घेतलंसुद्धा. मग बोटाकडे लक्ष गेलं, ते चिकट होतं. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून थेंब काढला. १३१. त्या २४८ वर इन्सुलिन टोचलं असतं तर तासा-दीड तासात घामाघूम होऊन पडलो असतो. थेंब केवढा असतो! त्वचेवर वाळलेला फळाचा रस त्यात मिसळला की आकडा कुठल्या कुठे जातो.

दुसरं, घरचं मीटर प्रयोगशाळेइतकं काटेकोर नसतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार शंभरापैकी ९५ वाचनं १०० च्या वर १५ टक्क्यांच्या आत आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत असली की मीटर पास. म्हणजे ११८ दाखवलं तर खरी साखर १०५ असू शकते आणि १३० सुद्धा. लागोपाठ दोनदा टोचून ११८ आणि १२७ आलं तर त्यात काही घडलेलं नसतं. ताई, तुमची एकच रात्र असती तर मी म्हटलं असतं की मीटरचाही हात असेल. पण १२ पैकी ९ रात्री, तेही एकाच दिशेने, ही मीटरची चूक नाही. तुम्ही वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत.

पट्ट्यांची डबी घट्ट लावून ठेवा. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खोटं बोलते.

---

सोनसळी | मंगळवार, रात्री ९:१५

अतिशय उपयोगी धागा. न खाता साखर वाढण्याचे माझे दोन अनुभव.

गेल्या वर्षी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. साखर चढेल हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी २९०. जेवण निम्म्यावर आणलं तरी चार दिवस तसंच. पाचव्या दिवशी आपोआप उतरली. तेव्हापासून कुठल्याही डॉक्टरकडे गेले की आधी मधुमेह असल्याचं सांगते आणि औषधात स्टेरॉइड आहे का, हे विचारते.

दुसरा अनुभव दाताचा. दोन आठवडे सकाळची साखर १२० वरून १७० वर गेलेली. जेवण तेच, गोळ्या त्याच, चालणं तेच. मी स्वतःला दोष देत राहिले, रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलंच. मग एके दिवशी हिरडी सुजली, दाढेखाली पू झाला होता. उपचार झाले आणि आठवड्याभरात सकाळचा आकडा परत जागेवर आला. शरीर आतल्या आत संसर्गाशी झगडत होतं. त्याची बातमी साखरेने दुखण्याच्याही आधी दिली होती, मला ती वाचता आली नाही.

पाळी येण्याआधीच्या आठवड्यात माझी साखर दर महिन्याला वीस-तीसने वर असते. बायकांनी वहीच्या कोपऱ्यात पाळीची तारीखही लिहावी, खूप कोडी सुटतात.

---

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०:०२

सोनसळी, "स्वतःला दोष देत राहिले" हे माझंच वाक्य आहे. आज रात्री तीनचा गजर लावतेय.

---

उंबरठा | बुधवार, सकाळी ८:२०

काल लिहीन म्हटलं होतं. माझे वडील ७४ वर्षांचे, ग्लिमेपिराइडची (सल्फोनिलयुरिया गटातली) गोळी घेतात, हृदयासाठी बीटा ब्लॉकरही आहे.

एका रात्री त्यांना भूक नव्हती. गोळी घेतली आणि जेवले नाहीत. आम्हाला वाटलं, कमी खाल्लं तर साखर चांगलीच राहील, बरं झालं! पहाटे बाथरूमच्या दाराशी बसलेले सापडले. सदरा घामाने पिळून काढावा असा भिजलेला, आणि मी हात लावला तर माझ्यावरच चिडले. माझं नाव विचारलं तर माझ्या काकांचं नाव सांगितलं. साखर ४८.

पाण्यात तीन मोठे चमचे साखर विरघळवून दिली, कारण ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते. पंधरा मिनिटांनी ८१. आम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांना झोपवलं. इथे चुकलो. दोन तासांनी पुन्हा घाम, पुन्हा ५५. मग मात्र थेट रुग्णालयात नेलं. तिथे समजलं की ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेत राहते. एकदा साखर दिली तरी गोळीचा अंमल संपलेला नसतो, आणि मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर तो आणखी लांबतो. म्हणून त्यांना पूर्ण दिवस देखरेखीखाली ठेवलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. साखर घसरली की छाती धडधडते, हात थरथरतात. बीटा ब्लॉकरमुळे ही लक्षणं झाकली जातात. घाम मात्र झाकला जात नाही. ज्यांच्या घरी अशी वयस्कर माणसं आहेत त्यांना हात जोडून सांगतो, कारण नसताना घाम आणि विचित्र चिडचिड दिसली तर वाद घालू नका, आधी बोट टोचा.

ज्या कपाटाला आम्ही कुलूप लावलं होतं त्याच कपाटात साखर होती. माझ्या आईला त्या पहाटे किल्ली सापडत नव्हती.

---

रानजाई | बुधवार, सकाळी ९:०५

उंबरठा दादा, हे लिहायला धैर्य लागतं. तुमच्या अनुभवाला थोडी जोड देते, कारण घाईच्या वेळी नेमकं आकड्यात माहीत असलेलं बरं.

७० च्या खाली गेली की ती घसरण धरायची, ५४ च्या खाली गंभीर. माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम झटपट चढणारी साखर द्यायची: ग्लुकोजच्या गोळ्या, पावडर किंवा साखरपाणी. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. चॉकलेटसारखं काही देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साधी साखरही लवकर कामी येत नाही, शुद्ध ग्लुकोजच लागतं. आणि माणूस बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो. ग्लुकॅगॉन (साखर चढवणारं औषध) जवळ असेल तर ते द्या, आणि ते असो वा नसो, रुग्णवाहिका बोलवा.

वयस्कर आणि इतर आजार असलेल्या माणसांसाठी डॉक्टर एचबीए१सीचं (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचं, टक्क्यांत) लक्ष्य मुद्दाम सैल ठेवतात, ७ ऐवजी ८ च्या आसपास. घरच्यांना तो हलगर्जीपणा वाटतो. वडिलांची ती पहाट वाचल्यावर तसं वाटणार नाही.

---

दीपमाळ | बुधवार, दुपारी १:३३

एचबीए१सीचा विषय निघालाच आहे तर माझा गोंधळ सांगते. अहवालात ७.८ आलं. माझ्या मीटरची तीन महिन्यांची सरासरी १४० च्या जवळ. डॉक्टर म्हणाले, तुम्ही चांगले आकडेच लिहिता का? मला फार लागलं ते.

---

जुनी_परीक्षानळी | बुधवार, दुपारी ३:१०

ताई, ७.८ चं सरासरी साखरेत रूपांतर केलं तर १७७ येतं. ढोबळ सूत्र असं: एचबीए१सीला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. त्याने ६ म्हणजे १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३. तुमच्या १४० शी ते जुळत नाही हे खरं.

न जुळण्याची दोन कारणं मी माझ्या नोकरीत वारंवार पाहिली. एक म्हणजे तपासण्याच्या वेळा. फक्त सकाळी आणि जेवणाआधी तपासलं तर जेवणानंतरचे डोंगर वहीत येतच नाहीत. दुसरं म्हणजे रक्ताचा स्वभाव. ही तपासणी तांबड्या पेशींना किती साखर चिकटली ते मोजते आणि ती पेशी सुमारे १२० दिवस जगते. लोहाची कमतरता असेल तर आकडा खोटाच वर जातो. रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटाच खाली येतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आणि आठवडाभर जेवणानंतर दोन तासांनीही टोचून पाहा. मग पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर वही ठेवा.

जाता जाता जुनी आठवण. मी नोकरीला लागलो तेव्हा लघवीतली साखर बेनेडिक्टच्या द्रावणाने पाहायचो. परीक्षानळीत ५ मिली निळं द्रावण, त्यात आठ थेंब लघवी, आणि ज्योतीवर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. बाहेर बाकावर बसलेली माणसं त्या नळीकडे डोळे लावून असायची. पण रक्तातली साखर सुमारे १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि उतरली तरी ती काही तासांपूर्वीची गोष्ट. घसरलेली साखर तर त्या नळीत कधीच दिसायची नाही. ९० काय आणि ४५ काय, दोन्ही निळंच. त्या निळ्या रंगावर विश्वास ठेवून घरी गेलेल्या किती जणांची साखर वाटेत घसरली असेल, हा विचार मला अजून येतो. आज पहाटे तीनला स्वतःच्या घरात एका थेंबावर हे कळतं, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

---

दीपमाळ | बुधवार, दुपारी ३:४२

काका, हिमोग्लोबिन ९.२ आहे माझं, वर्षभर. हे कुणी जोडलंच नाही! उद्याच जाते.

---

तिसरा_प्रहर | बुधवार, रात्री ८:५०

काकांची निळी नळी वाचून अंगावर काटा आला.

मी दंडावर सेन्सर लावतो, म्हणजे साखर सतत मोजणारं सीजीएम. ज्यांना ते घ्यायचंय त्यांच्यासाठी काही गोष्टी. सेन्सर रक्तात नसतो, तो त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवात असतो. रक्तात साखर बदलली की तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. सुरुवातीला मला हे माहीत नव्हतं. एकदा ५८ दाखवलं, मी ग्लुकोज खाल्लं. दहा मिनिटांनी ५५, घाबरून पुन्हा खाल्लं. आणखी पाच मिनिटांनी ५६, पुन्हा खाल्लं. तासाभराने २७०. रक्तातली साखर केव्हाच वर आलेली होती, सेन्सर मागून चालत येत होता. आता घसरणीनंतरची तपासणी मी बोटावरच करतो.

आणि त्या कुशीवर झोपलो की सेन्सर दाबला जातो, तिथला द्रव हलतो आणि आकडा खोटाच खाली येतो. रात्री दोनला ५२ चा गजर, बोटावर १०४. कूस बदलली की सेन्सर आपोआप सुधारतो.

पण सेन्सरने मला जे दाखवलं ते बोटाने कधी दाखवलं नसतं: बाण. १२० आणि बाण आडवा असला की मी झोपतो. १२० आणि बाण सरळ खाली असला की काहीतरी खाऊन, थोडं थांबून मगच झोपतो. आकडा तोच, रात्र वेगळी. डॉक्टरही आता एचबीए१सीच्या जोडीने विचारतात की दिवसातला किती वेळ ७० ते १८० मध्ये जातो. २०१९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषात बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्क्यांहून जास्त वेळ असावा आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा असं आहे. म्हणजे रोज काही तास बाहेर जाणं यात धरलेलंच आहे. हे कळलं त्या दिवशी मी किती हलका झालो, सांगता येत नाही.

व्यायामाबद्दलही. सावकाश तासभर चाललो की माझी साखर उतरते. पण जोरात पळण्याच्या फेऱ्या मारल्या किंवा वजनं उचलली की चढते, १२६ ची १८९ झालेली पाहिली आहे. अॅड्रेनालिन यकृताला साखर सोडायला लावतं. त्या वेळी इन्सुलिन टोचायचं नाही हे मी ठेच लागून शिकलो, कारण नंतर स्नायू ती साखर ओढून घेतात आणि रात्री, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंतही, घसरण होऊ शकते.

---

रानजाई | बुधवार, रात्री ९:३०

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पोटावरून, मांडीवरून एकदा बोटं फिरवून पाहावीत. एकाच जागी टोचून टोचून चरबीच्या गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन कधी मुरतं, कधी नाही. "डोस तोच, जेवण तेच, साखर मनात येईल तशी" असं सांगत आलेल्या कितीतरी जणांच्या पोटावर मला बोटाखाली त्या गाठी लागल्या आहेत. जागा बदलताना मात्र डॉक्टरांशी बोला, ताज्या जागेत तोच डोस एकदम जास्त लागू होतो.

ताप, उलट्या असताना "जेवतच नाही तर इन्सुलिन कशाला" असं म्हणून टाइप १ च्या माणसाने ते बंद करायचं नाही. आजारपणात साखर न खाताही चढते आणि इन्सुलिन नसेल तर रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) साठून जीवावर बेततं. आणि ज्यांच्या गोळीच्या नावाशेवटी 'फ्लोझिन' आहे त्यांनी उलट्या-जुलाब लागले की लगेच डॉक्टरांना विचारावं. त्या गोळीवर असताना साखर फारशी न वाढताही कीटोन वाढू शकतात.

---

निळी_शाई | शनिवार, सकाळी ८:१०

तीन रात्रींच्या नोंदी झाल्या.

पहिली रात्र: साडेदहाला ११४, तीनला ११९, पाचला १३६, सातला १५४.
दुसरी: ११२, १०८, १३१, १४९.
तिसरी रात्र अगदी वेगळी. शेजारी आजारपण होतं, झोप जेमतेम चार तास झाली: १२१, १३०, १५२, १७१.

---

रानजाई | शनिवार, सकाळी ९:००

किती सुंदर नोंदी! तीनपर्यंत आडवी रेघ आणि मग चढ. ही पहाटेचीच वाढ दिसते. तिसऱ्या रात्रीतही तोच नकाशा आहे, फक्त अपुऱ्या झोपेने सगळा वर उचललाय. हेच आकडे जसेच्या तसे डॉक्टरांना दाखवा. सकाळची साखर चढते म्हणून रात्रीचं जेवण स्वतःहून बंद करू नका.

---

निळी_शाई | मंगळवार, रात्री ९:४५

आज जाऊन आले. एचबीए१सी ६.९. डॉक्टरांनी वही शांतपणे पूर्ण वाचली. गोळी वाढवली नाही. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चालायला सांगितलं, मेटफॉर्मिनच्या संध्याकाळच्या वेळेत बदल केला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा अशाच तीन रात्री मोजून आणा म्हणाले. दीपमाळ, तुमचं काय झालं ते नक्की लिहा.

मुलाबद्दल सांगायचं राहिलं. काकांचा हिशेब मी त्याला पहिल्याच संध्याकाळी दाखवला. त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर ३८ गुणिले ५० केलं आणि बराच वेळ त्या १९०० कडे पाहत राहिला. त्या रात्री तीनचा गजर माझ्या आधी त्याच्या फोनवर वाजला. मला उठवायच्या आत त्याने कोमट पाणी आणून ठेवलं होतं, हात धुवायला. पाचला पुन्हा आला. वहीतले तीनचे आणि पाचचे सगळे आकडे त्याच्या अक्षरात आहेत.

मघाशी वही उघडली तर १५६ पुढचं प्रश्नचिन्ह खोडलेलं दिसलं. रबराने नीट, कागद फाटू न देता. आणि त्याने पट्टी घेऊन उजवीकडे चौथा रकाना आखलाय: झोप किती तास.

---

जुनी_परीक्षानळी | मंगळवार, रात्री १०:२०

पोराला माझा आशीर्वाद सांगा. आणि पाचवा रकाना आखायला सांगा, ताप-दुखणंखुपणं. सोनसळीताईंची दाढ विसरू नका.

---

दीपमाळ | मंगळवार, रात्री १०:४१

फेरिटिन ६ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. जेवणानंतरचे आकडेही टोचून पाहिले, दोनदा २१० सापडले, म्हणजे काकांची दोन्ही कारणं थोडीथोडी खरी. डॉक्टरांनी वही ठेवून घेतली आणि म्हणाले, मागच्या वेळी मी तसं बोलायला नको होतं.